नऊ तास आणि एक घुमट

विमान सकाळी आठला उतरलं आणि पुढचं विमान संध्याकाळी पाचला होतं. मधले नऊ तास विमानतळावरच्या खुर्चीत बसून काढायचे, असा मुलाचा फोनवरून हुकूम होता. "बाहेर पडू नका, आई. शहर अफाट आहे, भाषा येत नाही. हरवलात तर मी इथून काय करणार?" आईने "बरं बरं" म्हटलं, फोन पर्समध्ये टाकला आणि नवऱ्याला म्हणाली, "उठा. निघायचंय."

नवरा म्हणजे मिस्त्री. बेचाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरात फरश्या बसवल्या, त्यामुळे त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. ती शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकं द्यायची-घ्यायची, म्हणून ती सगळ्यांची 'बाई'. मिस्त्री तिच्या वडिलांच्या घरी फरशी बसवायला आले तेव्हा तिने आधी त्यांची पाठ पाहिली. तोंड दिसलं ते तिसऱ्या दिवशी, तेही पाणी मागायला वळले म्हणून. तेवढ्यावर तिने लग्न ठरवलं आणि आजवर कधी पस्तावली नव्हती. तक्रार एकच होती. हा माणूस कुठेही नेला तरी खाली बघायचा. लग्नाच्या हॉलमध्ये नवरा-नवरी कशी होती ते त्याला सांगता यायचं नाही, पण स्टेजसमोरच्या किती लाद्या पोकळ आहेत ते तोंडपाठ.

या शहरात एक जुनं ग्रंथालय होतं. त्याच्या वाचनालयावरच्या रंगीत काचेच्या घुमटाचं चित्र बाईंनी एका मासिकातून कापून घेतलं होतं, आणि ते शाळेतल्या टेबलाच्या काचेखाली सव्वीस वर्षं होतं. मुलाने तिकिटं काढायला घेतली तेव्हा तिनेच हट्टाने या शहरावरून जाणारं विमान घ्यायला लावलं. स्वस्त पडतं, असं कारण मुलाला सांगितलं. खरं म्हणजे तिला घुमट बघायचा होता, आणि तो एकटीला बघायचा नव्हता. जन्मात एकदा तरी आपण दाखवलेली गोष्ट या माणसाने मान वर करून बघावी आणि 'वा' म्हणावं, एवढीच तिची इच्छा होती.

भुयारी गाडीने त्यांना पाऊण तासात शहराच्या मधोमध आणून सोडलं. जिना चढून वर आल्यावर बाईंचे पाय तिथेच थांबले. रस्ता नदीएवढा रुंद होता, दोन्ही बाजूंना एका उंचीची झाडं आणि त्यांच्या मागे दगडी इमारती. प्रत्येक इमारतीच्या कपाळावर काही ना काही कोरलेलं. कुठे घोडे, कुठे जहाज, कुठे एक म्हातारा मांडीवर पुस्तक घेऊन बसलेला. ट्राम इतकी हळुवार वळली की तिच्या खिडकीतल्या मुलीच्या हातातला चहाही हलला नाही. इतकी माणसं, पण कुणी कुणाला धक्का देत नव्हतं. सिग्नलला सगळे शाळेच्या रांगेतल्यासारखे थांबत होते. बाईंना हे शहर बघताक्षणी आवडलं.

"काय काम आहे," मिस्त्री म्हणाले.

बाई हरखून वळल्या. मिस्त्री पदपथाकडे बघत होते.

"ढाळ बघ कसला दिलाय. पहाटे पाऊस झालाय इथे, पण एक थेंब साचलाय का कुठे? याला म्हणतात काम."

"अहो, वर बघा ना. तो म्हातारा बघा, पुस्तकवाला."

"हो, छान आहे," मिस्त्री म्हणाले. त्यांची नजर तिच्या चपलांच्या वर गेली नव्हती.

पुलावरही तेच झालं. बाईंनी घड्याळाचा मनोरा दाखवला, मिस्त्रींनी कठड्याचे सांधे बघितले. चौकातलं कारंजं वीस फूट उडत होतं आणि मिस्त्री त्याच्या कुंडाला काय लावलंय ते बोटाने खरवडून बघत होते. बाईंच्या नाकाच्या शेंड्यावर राग येऊन बसला. पण अजून घुमट बाकी होता, म्हणून तिने तो राग गिळला.

ग्रंथालयाचं दार दोन माणसांच्या उंचीचं होतं. आत एक लांब, थंड दालन, मग तीन पायऱ्या, आणि मग वाचनालय. बाई आत गेल्या, वर बघितलं आणि श्वास घ्यायला विसरल्या.

चित्रात घुमट बशीएवढा होता. इथे त्याखाली तिची अख्खी शाळा मैदानासकट मावली असती. मधोमध पिवळी काच, तिच्याभोवती केशरी, मग हिरव्याच्या कितीतरी छटा, आणि कडेला निळी, इतकी गर्द की तिथे संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं. बाहेर ढग सरकला की सगळे रंग एकदम मंद व्हायचे आणि पुन्हा पेटायचे. खाली गोलाकार मांडलेल्या टेबलांवर माणसं वाचत होती, त्यांच्या पानांवर रंग हलत होते. सव्वीस वर्षं काचेखालून बघितलेली गोष्ट खरी असते आणि चित्रापेक्षा मोठी असते, याचंच बाईंना रडू आलं. डोळे पुसून ती नवऱ्याकडे वळली.

मिस्त्रींनी एक बूट काढला होता. मोज्यातला पाय ते फरशीवरून सावकाश सरकवत होते, आणि चेहऱ्यावर असं सुख की बघून घ्यावं.

"अगं, गोल खोली आहे ही," ते कुजबुजले. "म्हणजे एकेक लादी पाचरीसारखी कापावी लागली असणार. भिंतीकडे रुंद, आत येईल तशी अरुंद. हजारो लाद्या, आणि एकीचीही कड पायाला लागत नाही. कोण होता कोण जाणे, त्याचे पाय धरावेत."

एरवी बाईंनी हे कौतुकाने ऐकलं असतं. पण आता तिचा बांध फुटला. ग्रंथालय असल्यामुळे तो हळू आवाजातच फुटला.

"चाळीस वर्षं तुमचं हेच बघतेय मी. कधी काही मागितलं? आज एक गोष्ट मागितली. पाच मिनिटं मान वर करायची. तेवढंही माझ्यासाठी जिवावर येतं तुमच्या?"

मिस्त्रींनी बूट घातला. नाडी बांधायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला.

"मान जात नाही गं वर," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"दोन वर्षं झाली. समोर बघतो तेवढंच. त्याच्या वर नेली की डोळ्यांपुढे अंधार येतो, हाताला मुंग्या येतात. आयुष्यभर खाली घातली, आता तिथेच बसली."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू हे तिकीट काढायला लावलं असतंस का? घुमट सोडून माझी मान घेऊन बसली असतीस. म्हटलं, तू बघ. मी तुझ्याबरोबर असलो म्हणजे झालं."

बाई शेजारच्या बाकावर बसल्या. दोन वर्षांत मिस्त्रींनी माळ्यावरचं काही काढलं नव्हतं, दिवा बदलायला शेजाऱ्याला बोलावलं होतं, औषधाची गोळी चमच्यात विरघळवून घेत होते. या सगळ्याला तिने आळस आणि म्हातारचळ अशी नावं दिली होती. नवऱ्याच्या मानेवर घरात रोज नजर जात होती आणि तिला काही दिसलं नव्हतं. आज सकाळपासून मात्र ती 'वर बघा, वर बघा' म्हणून त्याला टोचत होती. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की थोडा वेळ तिने घुमटाकडेही बघितलं नाही.

मग ती उठली. "आडवे व्हा," ती म्हणाली.

"काय?"

"फरशी चांगली आहे ना? कड लागत नाही ना? मग झोपा तिच्यावर. पाठीवर."

"वेड लागलंय का तुला? लोक बघतायत."

"बघू देत. आपल्याला इथे कोण ओळखतंय?"

वाचनालयात आडव्या झालेल्या किती पोरांना बाईंनी आजवर कान धरून बाहेर काढलं होतं, त्याची गणती नाही. आता तिनेच नवऱ्याला दंडाला धरून खाली बसवलं, पर्स डोक्याखाली दिली आणि पाठीवर निजवलं. एवढ्यात पहारेकरीण धावत आली. म्हातारा कोसळला असंच तिला वाटलं असणार, कारण ती थेट नाडी बघायला वाकली. बाईंनी तिचा हात धरला. आपल्या मानेवर बोट ठेवलं, मान वर जात नाही असं करून दाखवलं, मग मिस्त्रींकडे आणि घुमटाकडे बोट केलं. पहारेकरणीने एकदा खाली बघितलं, एकदा वर. मग ती गेली, आणि बंद दालनापुढे लावतात ते दोरीचे पितळी खांब एकेक करून उचलून आणले. मिस्त्रींच्या भोवती तिने चौकोन आखला, कुणाचा पाय पडू नये म्हणून, आणि पाठ करून उभी राहिली.

त्याच वेळी मिस्त्रींच्या डोक्याखालच्या पर्समध्ये फोन थरथरला. बाईंनी तो हळूच काढून कानाला लावला.

"विमानतळावरच आहात ना? बाबा काय करतायत?" मुलगा विचारत होता.

"आडवे झालेत जरा," बाई कुजबुजल्या आणि फोन बंद केला.

ढग आला, गेला. पिवळा रंग मिस्त्रींच्या कपाळावर आला, मग हिरवा झाला. बाई दोरीच्या आत गुडघ्यांवर बसून त्यांचा चेहरा बघत होत्या. डोळे टक्क उघडे होते आणि कडेने पाणी कानाकडे ओघळत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नव्हतं. बाई 'वा' ऐकायला थांबल्या होत्या.

"इतकी वर्षं," मिस्त्री म्हणाले, "हे तू एकटीच बघत होतीस?"

बाईंनी मान हलवली, मग लक्षात आलं की त्यांना ते दिसणार नाही.

"हो," ती म्हणाली. "सरका जरा. मलाही झोपायचंय."