पाऱ्याचा हिरवा हातमोजा

फोन ठेवल्यापासून रंगूबाईंचं कशात लक्ष नव्हतं, दुपारचं जेवणही त्यांनी उभ्याउभ्याच उरकलं. प्रकाशनातली संपादिका चार वाजता घरी येणार होती. ‘पाच सावल्या’ या जुन्या चित्रकथांचे सगळे अंक एकत्र करून तिला जाडजूड पुस्तक काढायचं होतं. इथवर आनंदीआनंदच होता. पण फोन ठेवता ठेवता ती पोरगी म्हणाली, “आणि काकू, एक गंमत! जुना छापखाना पाडला ना, तिथल्या कपाटात मास्तरांच्या हस्तलिखिताची पानं सापडली. सतरावा अंक तर अख्खा आहे. हिरव्या हातमोज्याचा! समासातल्या टिपा काय गोड आहेत हो! डावीकडे मास्तरांचं अक्षर, उजवीकडे चित्र, असं छापायचं म्हणतेय.”

साठ अंकांपैकी बाकीचे बरेचसे उंदरांनी फस्त केले होते आणि नेमका हाच सोडला होता. उंदरांनाही काही पाचपोच असावा की नाही?

‘पाच सावल्या’ म्हणजे पाच गुप्तहेर, आणि पाचही जणांच्या अंगी एकेक अचाट शक्ती. कानोसा नावाची बाई चार मैलांवरची कुजबुज ऐकायची. एक जण हवा तो चेहरा धारण करायचा, पण शिंक आली की मूळ चेहरा बाहेर यायचा. त्यांचा म्होरक्या होता पारा. तो वितळून कुलपाच्या भोकातून आत शिरायचा. त्याचे लाल हातमोजे मात्र वितळत नसत. ते दाराबाहेर पडून राहायचे आणि दर अंकात कुणीतरी ते उचलून त्याच्यामागे धावायचं. एके काळी शाळेच्या मधल्या सुटीत निम्मी पोरं वितळायची आणि उरलेली त्यांचे हातमोजे घेऊन पळायची.

गोष्ट लिहायचे मास्तर. ते पूर्वी तीन महिने शाळेत शिकवायला होते. घंटा झाली तरी पोरं त्यांच्या वर्गातून उठत नाहीत म्हणून हेडमास्तरांनी त्यांना हात जोडले. शाळा सुटली, पण मास्तर हे नाव सुटलं नाही. रंग भरायच्या रंगूबाई. हेही ऑफिसातलंच नाव, खरं नाव हजेरीच्या वहीत तेवढं उरलं होतं. आणि आता या दोघांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली होती.

रंगूबाईंची कामाची एक पद्धत होती. एका वेळी एकच वाटी. आधी चोवीसही पानांवरचा लाल भरून टाकायचा, मग पिवळा, मग हिरवा. दर चौकटीला कुंचला धुवत बसलं तर अंक वेळेवर छापायला जायचा कसा? या पद्धतीत काम झपाझप व्हायचं, पण चित्र बघायला सवड मिळत नसे. दिसायच्या त्या फक्त रंगाच्या जागा. चित्रं काढून झाली की मास्तर आपल्या लिखाणाच्या समासात बारीक अक्षरात काहीबाही लिहून त्यांच्याकडे पाठवत. पहिल्या एकदोन अंकांत रंगूबाईंनी ते वाचलं असेल, त्यात “कोट निळा, दिवा पिवळा” असलंच काही होतं. पुढे सगळी पात्रं डोळे मिटूनही रंगवता येतील इतकी पाठ झाली आणि समास वाचायचा त्यांनी सोडून दिला.

सतराव्या अंकात, चौदाव्या पानावर, पारा एका बागेत झुडपाआड दडलेला होता. त्याचा डावा हात तेवढा पाल्यातून बाहेर आला होता. लालाची फेरी झाली तेव्हा रंगूबाईंना तो हात दिसलाच नाही. हिरव्याच्या फेरीला दिसला, पण झुडपाचं पान म्हणून. झुडपात पानं शंभर, त्यात आणखी एक. भरला हिरवा आणि पुढे गेल्या.

अंक बाजारात गेला आणि चार दिवसांत पत्रांचा पाऊस पडला. पाऱ्याचा एक हातमोजा हिरवा का? मालकांनी अंक टेबलावर आपटला आणि सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. आदल्याच महिन्यात एका चुकीच्या अक्षरापायी त्यांनी चित्रांतले संवाद लिहिणाऱ्या अक्षरवाल्याला घरी बसवलं होतं. “हा हिरवा कुणी केला?” त्यांनी विचारलं. रंगूबाई सगळ्यांच्या मागे सरकल्या. घरी आजारी आई होती, शिकणारी दोन भावंडं होती, आणि कमावत्या त्या एकट्या. तेवढ्यात कोपऱ्यातून चहाचा भुरका ऐकू आला. पाठोपाठ मास्तरांचा आवाज आला, “चूक कसली, मालक? तो पारा नाहीच मुळी.”

“मग कोण?”

“ते पुढच्या अंकात.”

पुढच्या अंकात काय, ते मास्तरांनाही ठाऊक नव्हतं. पण बोलून बसल्यावर निभावणं आलं. शत्रूने खऱ्या पाऱ्याला बर्फात कोंडलंय आणि हा भलताच कुणी म्होरक्या बनून बसलाय, असं प्रकरण त्यांनी बारा अंक चालवलं. अंकावर उड्या पडल्या. कुठे हिरवा, कुठे लाल यात घोटाळा नको म्हणून मास्तर दर आठवड्याला रंगूबाईंच्या टेबलाशी यायला लागले. तोतया पकडला गेला तोवर रंग विचारायला येणाऱ्या माणसाने दुसरंच काही विचारलं होतं आणि रंगूबाई हो म्हणून मोकळ्या झाल्या होत्या.

आता त्यांची समजूत अशी, की मास्तर मुलखाचे विसरभोळे. तेव्हा एकदम तीन मालिका लिहीत होते, सकाळी जेवलो की नाही हे त्यांना संध्याकाळी सांगता येत नसे. छापलेला हिरवा बघून त्यांना वाटलं असणार, आपणच लिहिला होता. आधी नोकरीच्या भीतीने रंगूबाई गप्प बसल्या. मग नवं लग्न, आणि नव्या नवऱ्याला कोण सांगतं? मग मास्तर जिथे जातील तिथे लोक “हिरव्या हातमोज्याचे ना तुम्ही?” म्हणून हात हातात घ्यायला लागले आणि सांगायची सोयच उरली नाही. आज मास्तर शहात्तर वर्षांचे होते. डोळे अधू, लिहिणं बंद. आल्या-गेल्याला ती एकच गोष्ट सांगत, “दोन महिने विचार करून ठेवला होता तो मोजा!” हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळे, की रंगूबाईंना भरून येई आणि चोरट्यासारखंही वाटे. आता त्या चौदाव्या पानावर मास्तरांच्याच अक्षरात “लाल” लिहिलेलं निघालं की म्हाताऱ्याचा एकुलता एक अभिमान चारचौघांत धुळीला मिळणार होता. ते पान गायब करायला हवं होतं. अडुसष्टाव्या वर्षी रंगूबाईंनी चोरी करायचं ठरवलं.

फोनची बातमी कळल्यापासून मास्तरांचं वागणंही आज नेहमीसारखं नव्हतं. एवढ्या उकाड्यात त्यांनी कोट चढवला. रंगूबाईंना वाटलं, पाहुणी येणार म्हणून नटतायत. बरं, चारचा चहा एरवी त्यांचा. आज मात्र संपादिका येऊन बसते न बसते तोच म्हणाले, “अगं, चहा तू कर. माझा पांचट होतो.”

“चाळीस वर्षं पाजलात तो काय होता मग?” रंगूबाई म्हणाल्या, पण उठल्या. आधण ठेवून बिस्किटांचा डबा शोधेपर्यंत बाहेरून संपादिकेच्या फोनची रिंग ऐकू आली, मग गॅलरीत तिचं बोलणं. त्या ट्रे घेऊन बाहेर आल्या तेव्हा ती परत येऊन बसली होती आणि मास्तर छताकडे बघत होते.

चहा झाल्यावर रंगूबाईंनी आपली चाल खेळली. “अहो, तिला आतल्या कपाटातले जुने अंक दाखवा की. केव्हाची विचारतेय.” पोरीने असं काही विचारलं नव्हतं, पण ती आनंदाने उठली. मास्तर तर इतक्या पटकन उठले की रंगूबाई चकितच झाल्या. दोघं आत गेल्याबरोबर त्यांनी संपादिकेने आणलेली हस्तलिखिताची फाईल उघडली. बोटाला थुंकी लावून भराभर पानं चाळली. बारा. तेरा. पंधरा. पुन्हा मागे गेल्या. तेरा, पंधरा. चौदावं पान नव्हतंच! आतून पावलं वाजली तशी त्यांनी फाईल मिटली आणि चष्मा पुसत बसल्या. जीव भांड्यात पडायला हवा होता, पण तो काही पडेना. पान उंदरांनी खाल्लं म्हणावं, तर फोनवर ही पोरगी अख्खा अंक आहे म्हणाली होती.

संपादिका निरोप घेऊन गेली. दार लावून रंगूबाई वळल्या. मास्तर खुर्चीत बसले होते, पाठ ताठ, कोट अजून अंगावर.

“घाम किती आलाय, कोट काढा तो.”

“असू दे. बरं वाटतंय.”

ते जरासे हलले आणि कोटाच्या आत काहीतरी कुरकुरलं. साठ अंक कानोसाला रंगवलं होतं रंगूबाईंनी, थोडा तरी गुण लागणारच. त्या सरळ पुढे गेल्या, त्यांनी नवऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला आणि चार घड्या केलेला पिवळट कागद बाहेर काढला.

मास्तरांचं तोंड चोरी पकडलेल्या पोरासारखं झालं. “अगं, वाचू नकोस. उगाच मनाला लावून घेशील.”

“मी कशाला लावून घेऊ? त्रास तुम्हाला होणार म्हणून तर मीच चोरायला निघाले होते!”

“मला? मला कसला त्रास?”

“तुम्ही हिरवा लिहिलाच नव्हता म्हणून!”

मास्तर खुर्चीत पुढे सरकले. “म्हणजे तुला माहितीये? ती चूक होती हे?”

“मीच केली, मला माहीत नसणार?”

“मला वाटायचं, तुला पत्ताच नाही,” मास्तर हळूच म्हणाले. “तुला वाटतंय मी सांगितला म्हणून तू हिरवा भरलास. म्हटलं, असंच वाटू दे. म्हणून तर जिथे तिथे घसा फोडून सांगत सुटायचो, दोन महिने विचार केला होता म्हणून. मला काय हौस होती? तोंड दुखायचं माझं.”

एकमेकांपासून एकच गोष्ट एकेचाळीस वर्षं लपवणारे दोन गुप्तहेर एका छपराखाली राहत होते, आणि दोघांपैकी एकालाही सुगावा लागला नव्हता. रंगूबाईंना हसू फुटलं. हसता हसता त्यांनी कागदाच्या घड्या उलगडल्या आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मास्तरांचा समास वाचला.

“रंगूबाई, पाचव्या चौकटीत झुडपातून बाहेर आलंय ते पान नाही, पाऱ्याचा हात आहे. लाल करा. काल तुम्ही दिवसभर शिंकत होता. खिडकी लावून बसत जा. माझ्याकडे जास्तीची शाल आहे, हवी तर फक्त मान डोलवा.”

हसू जागच्या जागी थांबलं. “हे काय आहे?” त्यांनी विचारलं.

“समास.” मास्तर खिडकीबाहेर बघत होते. “तोंडाने बोलायची छाती नव्हती. दर पानावर दोन ओळी लिहायचो. तिसऱ्या अंकापासून सतराव्यापर्यंत लिहिलं. तू एकदाही मान डोलवली नाहीस. म्हटलं, बाई मानी आहे, आपला नाद सोडावा. आणि मग तो हिरवा मोजा छापून आला. इथे स्पष्ट लिहिलंय हात आहे, तरी हिरवा! तेव्हा उमगलं, ही समास वाचतच नाही.” ते हसले. “मालकाच्या केबिनमध्ये मी इतका खूश होतो, काय सांगू. दुसऱ्या आठवड्यापासून तुझ्या टेबलाशी यायला लागलो.”

रंगूबाई त्यांच्या शेजारी बसल्या. त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवले नाहीत. किती प्रेम केलं या माणसाने, आणि आपण वाट्या बदलत बसलो, हेच एक मनात फिरत होतं. मघाशी फाईलही हातात होती, आणि आपण चौदावं तेवढं शोधलं. आजसुद्धा समास वाचला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. संपादिका गोंधळलेली होती. “काकू, चौदावं पान तुमच्याकडे राहिलं का हो? फाईलमध्ये नाहीये.”

मास्तर हातवारे करत होते, नाही म्हण, नाही म्हण. रंगूबाईंनी त्यांचा हात पकडून खाली ठेवला.

“आमच्याकडेच आहे,” त्या म्हणाल्या. “दोघांनी मिळून चोरलं. छापायचं तर खुशाल छाप, जसं आहे तसं. पण ते न्यायला येशील ना, तेव्हा बाकीची पानंही घेऊन ये. सगळी. कपाटात इतर अंकांची जी काही उरली असतील तीसुद्धा. मला ती वाचायची आहेत.”

फोन ठेवून त्या मास्तरांकडे वळल्या आणि सावकाश, चांगली दोनदा, मान डोलवली.