थांबण्याचे सात शब्द

मित्रांनो, मी एक जुनी संगणकभाषा आहे. यंत्रांनी काय करायचं, ते माणसं माझ्यात लिहितात. मला घडवलं एका शिक्षिकाबाईंनी, शाळा सुटल्यावर, रिकाम्या वर्गात बसून. शाळेची निकालपत्रं छापायला मी हवी होते. माझे शब्द मोजून एकतीस. आठवड्याभरात कुणीही मला शिकायचं.

पुढे माझं नाव झालं आणि माझी देखभाल करायला एक मंडळ नेमलं गेलं. तिथे रिवाजच पडला: दरवर्षी प्रत्येक सभासदाने एक नवा शब्द आणायचा आणि जुना एकही काढायचा नाही, उगाच कुणाचं मन दुखायला नको. बाई म्हणायच्या, "अहो, पोरीला किती दागिने घालाल? तिला चालता तरी आलं पाहिजे." कुणी मनावर घेतलं नाही. खोटं कशाला बोलू, मलाही मिरवायला आवडत होतं. बघता बघता माझे चारशे शब्द झाले. नुसतं ‘थांब’ सांगायला सात.

मग एका इस्पितळातला पंप माझ्यावर चालायचा ठरला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना थेंब थेंब औषध देणारा. त्याच्या आज्ञा एका चष्मेवाल्या काकांनी माझ्यात लिहिल्या. त्यांनी बाईंचा जुना ‘थांब’ वापरला, जो हातातलं काम संपवूनच थांबायचा. निकालपत्रांसाठी ते ठीक होतं. तपासणाऱ्या नव्या मुलीला तो शब्द ठाऊक नव्हता. विचारलं तर आपण कच्च्या ठरू, म्हणून तिने मान डोलावली.

चाचणीला औषधाऐवजी पाणी भरलं होतं. परिचारिकेने थांबवायचं बटण दाबलं. पंप चालूच राहिला, पेला भरून पाणी टेबलावर सांडलं.

"महिनाअखेर याला बाळ जोडायचंय," ती हळूच म्हणाली.

मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "त्यात काय, आठवा शब्द आणू. एकदम पक्का."

"आठवा नको. सहा काढा," बाई म्हणाल्या.

"जुनी कामं बंद पडतील, बाई."

"पडू देत. मी बसून दुरुस्त करीन."

आणि पहिली काट त्यांनी स्वतःच्याच शब्दावर मारली. मला फार लागलं ते. पण महिनाअखेर त्याच परिचारिकेने बटण दाबलं, तेव्हा उरलेल्या एकाच ‘थांब’वर पंप जागच्या जागी थांबला. नळीच्या दुसऱ्या टोकाला मुठीएवढं बाळ झोपलं होतं.

मित्रांनो, माझे अजून तीनशे चौऱ्याण्णव शब्द आहेत. कुणी नवा घेऊन आलं, तर त्याला आधी विचारा, काढणार कुठला? काट सोसायला मी तयार आहे.