श्यौ-लानसमोरची सिगारेट

कॉलेजात सिगारेटवर बंदी आली आणि ओढणारी सगळी पोरं आमच्या मागच्या गल्लीत आली. गल्लीतल्यांनी तक्रार केली, तेव्हा कॉलेजच्या को मॅडम इथंही फेऱ्या मारू लागल्या. तीनदा सापडलं की होस्टेलची खोली जाते. यु-छिंग दोनदा सापडलेली. तिचं घर लांब, पंघू बेटावर. वडील मासेमारी करतात. बाहेर खोली घेणं त्यांना जमणारं नव्हतं. खोली गेली की शिक्षण संपलं.

त्या सकाळी मी मुळ्याच्या वड्या परतत होतो. यु-छिंग पळतच माझ्या नाश्त्याच्या दुकानात आली. हातात जळती सिगारेट.

"काका, को मॅडम! त्यांनी बघितलं मला!"

"टाक की मग!"

"कुठे टाकू? आल्याच त्या!"

मला काही सुचेना. सिगारेट घेतली आणि माझ्या गेलेल्या बायकोच्या, श्यौ-लानच्या फोटोपुढे, उदबत्त्यांच्या राखेत उभी खोचली. ओढणारं माणूस गेलं की आमच्याकडे अशी लावतात.

"हात जोड," मी म्हणालो.

को मॅडम आत आल्या. "सिगारेट कुठाय?"

"माझ्या बायकोला लावलीय. हिनं पेटवून आणली."

त्या कितीतरी वर्षं आमच्याकडे नाश्ता करायच्या. श्यौ-लाननं त्यांच्या नवऱ्यालाही सिगारेटसकट दुकानाबाहेर काढलं होतं.

"ताई ओढायच्या?"

"शेवटी शेवटी."

त्यांनी स्टूल ओढलं. "मग विझेपर्यंत बसते. मधेच उठणं बरं दिसत नाही."

तव्यावर वड्या करपत होत्या. धूर सरळ फोटोवर जात होता. शेवटच्या महिन्यात श्यौ-लानला चुलीचा धूरही सोसत नव्हता, मी शेगडी गल्लीत नेली होती.

मला बघवेना. मी सिगारेट उपटली आणि चिमटीत विझवली. बोटं भाजली.

"तिला धूर सोसत नाही हो," मी म्हणालो.

यु-छिंग रडायला लागली.

"तुला काय झालं रडायला?" को मॅडम उठल्या. "सिगारेट काकांच्या हातात आहे. आणि काका काही आमचे विद्यार्थी नाहीत."

त्या गेल्या. मी ओल्या फडक्यानं फोटो पुसायला घेतला. यु-छिंग दाराशीच उभी होती.

"जा आता, तास असेल तुझा."

"काका, खिशात अख्खं पाकीट आहे," ती कुजबुजली. "मॅडम कुठल्या बाजूला गेल्या?"