बुधवारचे तीन ठोसे

मंगळवारी संध्याकाळी युदेल्का म्हणाली, "आई, उद्या सकाळी तीन ठोसे कर ना."

"उद्या बुधवार आहे बाई. कोण येणारे, राष्ट्राध्यक्ष?"

ती हसली. पण हसू ओठांवरच राहिलं.

आमच्या मिचेस गावात मांगू रोजचाच. हिरवी केळी उकडायची, लोणी आणि केळ्यांचंच गरम पाणी घालून घोटायची, वर व्हिनेगरमधला लाल कांदा. पण त्याच्यासोबत तळलेलं चीज, सलामी आणि अंडी, म्हणजे तीन ठोसे, हा थाट रविवारचा. नाहीतर कुणी परगावाहून आलं किंवा परगावी निघालं, तर. आमच्याकडे येणारं तर कुणीच नव्हतं.

सकाळी केळी सोलताना चिकानं बोटं काळी पडली तरी माझं तिकडे लक्ष नव्हतं. युदेल्कानं कानातले काढून देवीच्या तसबिरीपुढे ठेवले होते. फोन दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून गच्च बांधलेला. फोन असा बांधतात तो होडीत बसायच्या आधी. इथून होड्या लपूनछपून पलीकडे जातात, पोर्तो रिकोला. माझा भाऊ एलाडियो असाच गेला, तोही उपाशीपोटी. त्याचं काय झालं ते समुद्रालाच ठाऊक.

मी जाळ बारीक केला.

"शिजली का गं?" ती कांदा चिरत होती.

"नाही अजून."

"काटा तर आरपार जातोय."

"आई मी आहे की तू?"

मग मलाच राहवेना. "किती वाजता निघायचंय?"

सुरी थांबली. "साडेआठला गाडी येईल."

"मला कधी सांगणार होतीस?"

"पोचल्यावर."

"आणि नाही पोचलीस तर?"

"आई, नर्सिंग शिकून तीन वर्षं झाली मला. अन् करते काय? हॉटेलात चादरी बदलते. चादरी!"

मी केळी घोटायला घेतली, इतक्या जोरात की पातेलं ओट्यावर सरकायला लागलं. अंडी तळली, चीज एका बाजूनं करपवलं. तिनं सगळं खाल्लं, ताट पुसून खाल्लं.

दारात गाडीचा हॉर्न वाजला. ती पिशवी उचलून माझ्यापुढे उभी राहिली. "आई, आशीर्वाद दे."

लेकरानं आशीर्वाद मागितला की आईनं द्यायचाच. न देणं म्हणजे शापच.

"गाडीत देते," मी म्हटलं, आणि उरलेल्या मांगूचं पातेलं उचलून तिच्या मागे निघाले. अंगावर ॲप्रन तसाच.

ट्रकच्या हौद्यात ताडपत्रीखाली सातजण बसले होते. शेजारच्या नुरिसचा मुलगा वांदीही होता. युदेल्का चढली, तिच्यामागे मी.

ड्रायव्हर धावत आला. "मावशी, हे काय चाललंय?"

"मी पण येतेय."

"पैसे भरलेत का?"

"पैसे नाहीत. मांगू आहे."

आतून कुणीतरी फिसकन हसलं. पोरं पहाटेपासून उपाशी होती. त्यांनी पातेल्यात हातच घातले. वांदी भरल्या तोंडानं म्हणाला, "मावशी, कांदा नाही आणलात?"

"आई, उतर," युदेल्का दातओठ खात म्हणाली. "लोक बघतायत."

"बघू देत."

आणि खरंच लोक जमायला लागले. कोपऱ्यावरच्या दुकानातली माणसं बाहेर आली, कुणी हाका मारायला लागलं. ड्रायव्हरला घाम फुटला. "अहो, पोलीस येतील! उतरा!"

"ती उतरली की उतरते."

त्यानं युदेल्काची पिशवी ओढली आणि रस्त्यावर भिरकावली. "जा! दोघी जा घरी!"

ती उतरली, तिच्यामागे मी. धुरळा उडवत ट्रक गेला. माझं पातेलंही त्यातच गेलं.

पुढचे पाच दिवस ती माझ्याशी बोलली नाही. कामावर जायची, यायची, भिंतीकडे तोंड करून पडायची. मी रेडिओ लावून बसायचे. समुद्र खवळलाय असं सांगत होते. खरं सांगते, देव मला क्षमा करो, मी वाईट बातमीची वाट बघत होते. म्हणजे माझं बरोबर ठरलं असतं. त्या होडीत वांदी होता, माझ्या हातचं खाऊन गेलेला. तरीही.

सहाव्या दिवशी नुरिस अनवाणी धावत आली. "पोचला गं, एर्सिलिया! माझा वांदी पोचला!" फोनवर फोटो होता. नवी टोपी घालून तो कुठल्याशा दुकानासमोर उभा.

युदेल्कानं फोन हातात घेतला. "सगळे पोचले?"

"सगळे!"

तिनं फोन परत दिला आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, राग असता तर बरं झालं असतं.

नुरिस गेल्यावर मी विचारलं, "पुन्हा जाशील?"

"माहीत नाही."

"जायचं ठरलं तर सांगशील?"

"सांगितलं तर जाऊ देशील?"

मी उत्तर दिलं नाही. अजूनही दिलेलं नाही.