तातेरावांचं ऊन खाणं

सेनगावाकडच्या त्या वाडीत तातेरावांच्या रुसण्याचा मोठा लौकिक होता. रुसले की ते जेवत नसत, आणि जेवले नाहीत की घरानं आपल्या मिनतवाऱ्या कराव्यात असा त्यांचा हिशेब असे. त्या दिवशी वांग्याच्या भाजीवरून बिनसलं. एवढी नावं ठेवता तर स्वतःच रांधा, असं बायकोनं, आशाबाईंनी सुनावलं आणि तातेराव भरल्या ताटावरून उठले.

ओसरीत सून पुनम शिकवणीच्या लेकरांना विज्ञान समजावत होती. झाड कुणापुढं हात पसरत नाही. मुळांनी पाणी ओढतं, पानांनी ऊन अन् हवा घेतं आणि आपलं अन्न आपणच तयार करतं. तातेरावांना हे फारच पटलं. माणसाला मात्र हे जमत नाही, हे पुढचं वाक्य ऐकायला ते थांबलेच नाहीत. अंगणात बाज ओढून, सदरा काढून, डोक्यावर हिरवं उपरणं टाकून ते उन्हात बसले.

"आजपासून मी ऊन खाऊन राहणार," त्यांनी जाहीर केलं. "कुणाची गरज न्हाई."

आशाबाईंनी वाद घातला नाही. थोड्या वेळानं त्या बादली घेऊन आल्या आणि गार पाणी त्यांच्या पायांवर ओतलं.

"हे काहून?"

"मुळांना पाणी नको का?"

मग त्यांनी टोपलंभर शेणखत पायाशी पसरलं. शिकवणीची लेकरं दारात जमली. तातेरावांनी डोळे मिटले. पण पोट गुरगुरायला लागलं आणि तो आवाज झाकायला त्यांना सारखं खोकावं लागलं.

दुपार कलली तसा मसाजी शेळ्या घेऊन वाटेनं आला. एका शेळीला हिरवं उपरणं दिसलं. मसाजीनं तिला हाकलेपर्यंत उपरण्याचा पदर तिच्या पोटात गेला होता. हा काय प्रकार, असं त्यानं विचारलं तेव्हा पुनमनं हसू दाबत सगळं सांगितलं.

"मग शेळीची काय चूक?" मसाजी गंभीरपणे म्हणाला. "अन् तातेराव, दिवस बुडाल्यावर काय खाता?"

याचा विचार तातेरावांनी केलाच नव्हता. झाड दिवसाचं अन्न रात्रीसाठी साठवून ठेवतं, असं पुनमनं सांगितलं. तातेरावांनी दिवसभरात साठवलं होतं ते फक्त अंगावरचं काळवंडणं. तेवढ्यात चुलीवरून पिठल्याच्या फोडणीचा वास आला. ते उठले, पाय धुतले आणि आत जाऊन बसले.

आशाबाईंनी ताट वाढलं. आपल्यापायी हीही उपाशी असेल, असं वाटून तातेरावांना भरून आलं.

"तू जेवली का न्हाई?"

"व्हय, कवाच. तुमच्या वाट्याचं बी मीच खाल्लं."

तातेरावांनी मान खाली घालून पिठल्यात भाकरी मोडली. तिसरी भाकरी मागताना मात्र आवाज बराच मऊ ठेवला.