पिकअपमधला गार श्वास

सकाळी सातलाच वहिनींच्या दारात रांग लागायची. रांगेच्या टोकाला माझ्या पुतण्याची डिझेल पिकअप आणि पिकअपच्या दाराशी श्वासबाबा.

"इंजिन चालू आहे की नाही?" बाबा ओरडायचा.

"आहे!"

"हीटरचा खटका लाल खुणेवर आहे की नाही?"

"आहे, आहे!"

"मग गरम हवा यायला हवी. धरा हात! कशी आहे? गार! अहो, आगीतून गारवा कोण काढतो? ज्याचा जीव गाडीत अडकलाय तो! आणि हा काटा बघा. तासभर इंजिन चालतंय, काटा हलत नाही. मेलेल्याला ताप कसा येणार?"

बोलणाऱ्याची माती विकते म्हणतात. हा तर हवा विकत होता. लोक एकेक करून आत बसत, तो झोत तोंडावर घेत आणि डोळे पुसत उतरत. सगळ्यांत शेवटी वहिनी बसायच्या, एक तास, ऐन थंडीत, अंगावर शाल न घेता. आईच्या अंगाची ऊब मिळाली की लेक बोलेल, असं बाबाने त्यांना सांगितलं होतं. बॉनेट मात्र कुणी उघडायचं नाही. उघडलं की जीव उडून जाईल.

पुतण्या पाच महिन्यांपूर्वी आठ दिवसांच्या तापाने गेला. माझा भाऊ त्याआधीच गेलेला. मी बसडेपोतून निवृत्त झालेला मेकॅनिक, जन्म इंजिनांत गेला. पण त्या गाडीकडे पाहण्याची माझी छाती होत नव्हती, म्हणून या घराकडे फिरकलोच नाही. शेवटी वहिनींना तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "तुमच्या वहिनींच्या फुफ्फुसाला सूज आहे. अजून आठवडाभर अशा गारठ्यात बसल्या तर मला काही करता येणार नाही."

मी पान्यांची पेटी घेऊन गेलो. वहिनी केबिनमध्ये खोकत होत्या, ओठ निळे पडलेले.

"वहिनी, उतरा. मला बॉनेट उघडायचंय."

"भावजी, पाया पडते तुमच्या. कसा का होईना, आहे तो इथे."

"असेल तर पान्याने जाणार नाही. माझा पुतण्या आहे तो, पान्याला घाबरणारा नव्हे."

बाबा आडवा आला. त्याच्या नखांत काळी रेघ दिसली. ग्रीस असं वर्षानुवर्षं मुरलेलं असतं तेव्हाच ती रेघ जात नाही. "कुठल्या ट्रकवर होतात, महाराज?" मी विचारलं. बाबाने मुठी मिटल्या आणि तो बाजूला सरला.

वहिनी खोकत खाली उतरल्या. इंजिन बंद करून निवू दिलं. तसं ते तापलंच कुठे होतं! रेडिएटरचं पाणी घमेल्यात काढलं, वरचा पाइप सोडवला, दोन बोल्ट काढून झाकण उचललं. आत थर्मोस्टॅट हवा होता. नव्हता. नुसतं भोक.

"पाहिलंत?" बाबा पुन्हा पुढे सरसावला. "रिकामी जागा! इथेच तो बसतो!"

मी मात्र पाना खाली ठेवला. ती जागा कुणी रिकामी केली हे मला आठवलं होतं. उन्हाळ्यात पुतण्याने फोन केला होता, "काका, चढावर गाडी तापते." मीच म्हणालो होतो, "थर्मोस्टॅट काढून ठेव." आमच्या डेपोतली ही जुनी वाईट खोड. रोग शोधायचा कंटाळा आला की थर्मोस्टॅट काढायचा.

डॅशबोर्डचा कप्पा उघडला. फडक्यात तो थर्मोस्टॅट होता, सोबत एक चिठ्ठी. चिठ्ठी मी वाचली आणि खिशात घातली.

स्वयंपाकघरातलं पातेलं अंगणातल्या स्टोव्हवर ठेवलं, पाण्यात थर्मोस्टॅट सोडला. रांग भोवती वाकली. पाणी गार होतं तोवर त्याची झडप बंद. वाफा निघू लागल्या तशी ती हळूहळू उघडली.

"हा दरवान आहे," मी म्हणालो. "इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. दरवानच नसला की पाणी सारखं निवत राहतं. इंजिन गार, काटा गार आणि हीटरची हवाही गार. ही करणी माझ्या सल्ल्याची."

सांधा गळू नये म्हणून पुठ्ठ्याचं गॅस्केट कापलं, तोच थर्मोस्टॅट बसवला, पाणी भरलं, पाइपांत अडकलेली हवा काढली. वहिनींना शेजारी बसवून रस्त्यावर चार फेऱ्या मारल्या. काटा मध्यावर आला. परतलो तेव्हा बाबा पसार झाला होता.

वहिनींनी झोतासमोर हात धरला. बराच वेळ धरला.

"गरम आहे," त्या म्हणाल्या. "भावजी, गेला हो तो."

पाच महिन्यांत त्या पहिल्यांदा रडल्या. खरं बोलायला काय लागतं, असं म्हणणाऱ्याने तेव्हा त्या केबिनमध्ये बसून दाखवावं. मी चिठ्ठी काढून दिली. त्यांनी ती मोठ्याने वाचली: "थंडीआधी परत बसवणे. काकांना विचारणे, स्प्रिंग आत की बाहेर?"

"त्याचंच अक्षर," त्या म्हणाल्या. "विचारलंय त्याने. सांगा की."

"आत, बाळा," मी म्हणालो. "इंजिनाकडे."

मंडळी, गाडीतून गार हवा आली तर आधी बॉनेट उघडा. माणूस गेल्याचं दुःख खरं असतं, म्हणूनच भोंदू तिथे दुकान मांडतात. रडा, पोटभर रडा; पण जी माणसं उरली आहेत त्यांना गारठ्यात बसवू नका.

वहिनींनी शाल पांघरली. त्याच गाडीतून आम्ही दवाखान्यात गेलो. हीटर चालू होता.