काळ्याच्या पाठीवरची घोंगडी

आमचं म्हातारं मेंढरांत जन्मलं, मेंढरांत वाढलं, आन् आता त्याला समदं जगच मेंढरावानी दिसतंय. कुणी खोकलं की म्हणणार, "ओलं गवत खाल्लं आसंल." जावई जेवायला न्हाई म्हणला तर पठ्ठ्यानं त्याचा कान धरून बघितला, ताप हाय का म्हणून! जावई बिचारा ताटावरून उठून मोटारसायकलवर बसला ते थेट गेवराई. अशा माणसासंगं मी सारा जलम काढलाय. मला काय बक्षीस द्यायचं ते द्या बाई कुणीतरी.

तर झालं काय, आमची नात अंजू. माझ्या हरिओमची पोरगी, आत्ता कुठं बोबडं बोलायला लागलेली. तिच्या गालावर लाल चट्टे उठले. मग कोपराच्या वळीत, गुडघ्याच्या मागं. कातडं असं खरबरीत झालं की हात लावला तर भाकरीचा करपलेला पापुद्राच. आन् खाज! लेकरू खाजवायचं, रडायचं, रडताना परत खाजवायचं. सून ऋतुजा तिच्यासंगं रातभर जागायची आन् दिवसा चुलीपुढं बसून डुलक्या द्यायची. एकदा तर पिठात मिठाऐवजी साखर टाकून मोकळी झाली. म्हातारं ती भाकर मुकाट खाऊन उठलं, म्हणलं, आज भाकर गोड लागली.

म्हाताऱ्यानं अंजूचा हात उन्हात धरला, कोपर उलटंपालटं करून बघितलं आन् निकाल दिला.

"खरूज हाय. मेंढराची."

"आवं, पोरगी हाय ती!" मी म्हणलं.

"कातडं ते कातडं," म्हणे. "कळपातलं एक खरजुलं की पयलं त्याला बाजूला बांधायचं, न्हाई तर समद्यांना लागतंय."

आन् खरंच बाजूला केलं की हो! पोरीचं अंथरूण उचललं आन् बाहेरच्या पत्र्याच्या शेडात नेऊन टाकलं. पण गंमत ऐका. अंजू दुपारची निजते, म्हातारं मेंढरं चारून परत आलं की, ती फक्त आज्याच्या मांडीवर. दुसऱ्या कुणाजवळ डोळा मिटत न्हाई. मग म्हातारं बी शेडात गेलं, पोरीला मांडीवर घेतलं, आपल्या घोंगडीत नखापातूर गुंडाळलं आन् छातीशी धरून बसलं. असं ते वेगळं ठेवणं! आजार कुणाला लागू नये म्हणून स्वतः त्याला मिठी मारून बसायचं. मी कपाळावर हात मारून घेतला.

मग प्रश्न आला, खरूज आली कुठून? आमची मेंढरं तर स्वच्छ. म्हाताऱ्याचा संशय गेला सटव्यावर. सटवा आमचा शेजारी, त्याचा बी कळप हाय, आन् दोघं ल्हानपणापासून भांडत आलेत, त्याबिगर त्यांना भाकर पचत न्हाई.

"सटव्या, तुझ्या मेंढरांची खरूज माझ्या नातीला लागली बे!" म्हाताऱ्यानं रस्त्यातूनच आरोळी ठोकली.

"माझी मेंढरं?" सटवा भडकला. "धुळाजी, तोंड सांभाळून बोल बे! आत्ता दाखवतो तुला!"

म्हणला तर खरंच दाखवलं. समदा कळप हाकून आमच्या अंगणात घातला. एकेक मेंढरू धरायचं, लोकर फाकवायची, दोघांनी नाक खुपसून बघायचं, की सटवा म्हणणार, "दिसली का बे खरूज?" आन् म्हातारं म्हणणार, "पुढचं आण." दोघं कातडं बघण्यात गुंग, तवर मागच्या मेंढरांनी ऋतुजानं लावलेली मेथी खाल्ली, कोथिंबीर खाल्ली, वाळत घातलेला माझा परकर बी चावून बघितला. शेवटाला खरूज कुणालाच सापडली न्हाई. सटवा तेवढा आपलं डोकं खाजवत उभा, तर म्हातारं त्याचंच डोकं फाकवून बघायला लागलं! मी खराटा घेऊन आले तवा कुठं माणसं आन् मेंढरं एकदमच पळाली.

ऋतुजा मात्र हसली न्हाई. मेथीच्या वाफ्याकडं बघून म्हणली, "आत्या, आता बास झालं. मी पोरीला डॉक्टरकडं नेणार."

"मी बी येते," मी म्हणलं. म्हातारं बी घोंगडी खांद्यावर टाकून टेम्पोत चढलं. हरिओमनं आम्हाला सिरसाळ्याला नेलं.

डॉक्टरीणबाई तरणी होती, पण बोलणं गोड आन् स्पष्ट. तिनं अंजूला नीट बघितलं आन् म्हणली, "ह्याला इसब म्हणतात. एक्झिमा. हे कुणाकडून लागत नाही, हिच्याकडून कुणाला लागणार नाही. लेकराची कातडी मुळातच कोरडी आहे, म्हणून खाज सुटते."

म्हाताऱ्यानं विचारलं, "मग कळपात ठेवली तर चालतंय?"

बाई गोंधळून माझ्याकडं बघायला लागली. "घरात, घरात," मी म्हणलं, "घरात समद्यांत ठेवली तर चालतंय का, असं विचारतेत."

"चालतं की! वेगळं कशाला ठेवायचं?" बाईनं मग ऋतुजाला समजावून सांगितलं. पाणी कोमट, कढत न्हाई. अंघोळ झटपट. दगडानं, घासणीनं घासायचं न्हाई. टॉवेलानं नुसतं टिपायचं आन् अंग ओलसर हाय तवरच वरून मलम चोपडायचं, भरपूर, रोज, चट्टे गेले तरी बी. औषधाचं मलम येगळं, ते फक्त लाल जागेवर, बाई सांगंल तेवढेच दिवस. नखं बारीक कापायची. कपडे मऊ सुती. हे आयुष्यभराचं न्हाई, बऱ्याच लेकरांचं मोठेपणी कमी होतं, पण आत्ता सांभाळावं लागतं.

एवढं चाललं होतं तवर अंजू आईजवळून आज्याकडं गेली. मांडीवर बसली, घोंगडीत गाल खुपसला, आन् दोन्ही हातांनी कराकरा खाजवायला लागली. डॉक्टरीणबाई थांबली. उठून आली, घोंगडीचं टोक दोन बोटांत धरलं.

"आजोबा, हे लेकराच्या अंगाला लागता कामा नये. लोकर टोचते, खाज वाढते. हे बंद."

म्हाताऱ्याचं तोंड असं झालं, जसं काय तिनं त्याला गावातूनच बंद केलं. येताना वाटभर घोंगडीचं टोक चाचपत बसलं. घरी आल्यावर तोंड सुटलं.

"ह्या घोंगडीत माझा बाप निजला. मी निजलो. हरिओम निजला. कुणाला काय झालं? बिरोबाची पूजा घोंगडीवर मांडतेत आन् ही कालची पोरगी म्हणती, बंद!"

"देवानं घोंगडी मागितली," मी म्हणलं, "पोरीचं गालपट न्हाई मागितलं."

"तू गप."

मी गप बसणारी हाय का? चांगली खडाजंगी झाली आमची. पण ऋतुजा मधी आली. पोरगी तशी शांत, सासऱ्यापुढं कधी आवाज चढवत न्हाई. त्या दिवशी बी चढवला न्हाई. नुसती म्हणली, "मामा, घोंगडी तुमची हाय, तुमी ठेवा. मी अंजूला घेऊन तलवाड्याला जाते, आईकडं. तिची कातडी बरी झाली की येऊ."

आन् पिशवी भरायला लागली. अंजूचे फ्रॉक, मलमाची डबी, दुधाची बाटली. पिशवी दाराशी ठेवली. सकाळच्या गाडीनं निघायचं ठरलं. लेकराबिगर ते घर म्हणजे काय, भांडायला म्हातारं आन् बघायला मेंढरं! पण मी सुनेला अडवलं न्हाई. कोणत्या तोंडानं अडवू?

म्हातारं शेडात जाऊन बसलं. दुपार झाली तशी अंजूला झोप आली. तिला काय ठाऊक इसब आन् काय ठाऊक तलवाडा? डुलत डुलत आज्याकडं गेली, हात वर केले, "आजा, नीज." त्यानं उचललं. सवयीनं घोंगडी वढली. पोरीनं डोळे मिटले आन् झोपेतच हात गालाकडं गेला, खर्र खर्र. म्हाताऱ्यानं तिचा हात धरला तर नखात रक्त. घोंगडीवर बी एक लाल ठिपका.

मी दारातून बघत होते. माणूस कितीतरी वेळ त्या ठिपक्याकडं बघत बसला. मग पोरीला ऋतुजाच्या हातात दिलं, बाहेर गेला आन् घोंगडी बाभळीच्या फांदीला टांगली. हातपाय धुतले. परत आला आन् सुनेला म्हणला, "मऊ काय हाय का घरात?"

घरात मऊ म्हणजे एकच. अंजूची जुनी चादर, धुऊन धुऊन लोण्यावानी झालेली. गुलाबी. वर पांढरे ससे. ती त्यानं खांद्यावर घेतली. एवढ्या मोठ्या मिशा, डोक्याला लाल पटका, आन् खांद्यावर ससे! मी तोंडात पदर कोंबला. ऋतुजानं बी कोंबला, पण पिशवी काही उचलली न्हाई. म्हणली, "बघते मी. सकाळपातूर बघते."

सकाळ झाली आन् नवीनच पंचाईत. कळप हलंना!

आमच्या कळपाचा म्होरक्या काळ्या बोकड. तो चालला की समदी मेंढरं त्याच्या मागं. आन् म्हातारं रोज घोंगडीच्या टोकाला भाकर बांधतंय आन् निघताना पयला तुकडा काळ्याला देतंय. त्यामुळं काळ्याचा हिशेब सरळ हाय, घोंगडी चालली की आपण चालायचं. आता घोंगडी बाभळीवर आन् मालक सशांत. काळ्यानं मालकाकडं एकदा बघितलं, जसं काय वळखतच न्हाई, आन् बाभळीखाली जाऊन बसला. मागनं समदा कळप बसला.

"चल रं! हुर्रर्र!" म्हातारं ओरडून ओरडून घामाघूम. काळ्या रवंथ करतोय.

म्हाताऱ्यानं डोकं लढवलं, चादरीच्याच टोकाला भाकर बांधली. काळ्या उठला, आला, हुंगलं, आन् भाकरीसकट चादर बी चावायला लागला. एका सशाचे दोन्ही कान गेले! म्हातारं इकडून वढतंय, बोकड तिकडून वढतोय, आन् अंजू उंबऱ्यावर उभी राहून बोंबलतीय, "माझा ससा! माझा ससा!" सटवा त्याच्या दारात उभा राहून हसून हसून खाली बसला. "धुळाजी, बोकड म्हणतंय मला बी मऊ पायजे बे!"

"आण ती घोंगडी!" म्हातारं हताश होऊन मला म्हणलं. "धंदा बुडंल माझा. मेंढरं उपाशी मरतील."

ऋतुजानं दाराशी ठेवलेल्या पिशवीकडं बघितलं. मी बी बघितलं. घोंगडी म्हाताऱ्याच्या खांद्यावर चढली की दुपारी सवयीनं पोरीवर येणारच. आन् माझं डोस्कंच फिरलं. मी बाभळीवरची घोंगडी खसकन वढली आन् काळ्याच्या पाठीवर टाकली. पोटाखालून दोरीनं आवळली, टोकाला भाकर बांधली.

"घे मुडद्या! तुला एवढी प्यारी हाय ना, तूच पांघर!"

बोकडानं मान वर केली. एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. आन् निघालं की हो, ताठ मानेनं, लग्नातल्या व्याह्यावानी! मागं समदी मेंढरं. समद्यांच्या मागं आमचं म्हातारं, खांद्यावर सशांची चादर टाकून, मिशीवर ताव देत. गावभर माणसं बघायला उभी. सटव्यानं ओरडून विचारलं, "मालक कोण आन् चाकर कोण बे?"

म्हातारं चालता चालता म्हणलं, "पोरगी निजली पायजे माझी. हसा किती हसायचं ते."

तवापासून असंच चाललंय. घोंगडी काळ्याची, चादर म्हाताऱ्याची. घरात येताना म्हातारं दारात पाय धुतंय, मेंढरांत घातलेला सदरा बदलतंय, चादर झटकतंय. अंघोळीच्या टायमाला तर स्वतः पाण्यात कोपर बुडवून बघतंय, कढत हाय का. आन् मलम! "आगं टिप, घासू नको! ओलं हाय तवरच लाव!" असं सुनेवर वरडतंय, जसं काय सिरसाळ्याचा दवाखाना ह्याचाच हाय. चट्टे एका दिवसात गेले न्हाईत. कमी झाले, मधीच परत उठले, परत दाखवून आणलं, परत कमी झाले. पण गाल आता गालावानी दिसतोय, आन् ऋतुजा रातची झोपती. भाकरीत मीठ यायला लागलं.

पिशवी मात्र दाराशीच होती. ऋतुजा रोज झाडताना उचलायची, परत तिथंच ठेवायची. विचारायला माझी छाती होत न्हवती.

परवा दुपारी म्हातारं भिंतीला टेकून बसलेलं, मांडीवर अंजू सशांत गुंडाळून गाढ झोपलेली. हात दोन्ही ढिले, कुठंच खाजवत न्हाई. म्हाताऱ्याचं तोंड मात्र वाकडंतिकडं व्हायला लागलं. भुवया वर, मिशी खाली, डोळे मोठे. मला वाटलं, ह्याला काय झालं बाई आता?

"काय होतंय?" मी हळूच विचारलं.

"पाठीला खाज सुटलीय," ओठ न हलवता म्हणलं. "लई. मुंगी असंल."

"मग खाजवा की."

"हललो तर ही उठंल." कपाळावर घाम आला होता बिचाऱ्याच्या. "घोंगडी असती तर तिच्यावरच घासली असती पाठ. कशी मस्त खरबरीत…"

मी त्याच्या मागं जाऊन बसले. सदऱ्यात हात घातला आन् खाजवलं. "वर. आजून वर. हां, तिथं," असं पुटपुटत म्हाताऱ्यानं डोळे मिटले. मांडी तसूभर हलवली न्हाई.

ऋतुजा चुलीपासनं बघत होती. ती उठली, दाराशी गेली, पिशवी उचलली आन् आत नेऊन एकेक फ्रॉक परत खुंटीला अडकवायला लागली.